ठेवलेली माणसं

आत्याला म्हाताऱ्या माणसांना सांभाळणाऱ्या त्या संस्थेत जाऊन सात महिने झाले होते. तिच्या पलंगाच्या पायथ्याशी अडकवलेल्या कागदावर 'छंद' या रकान्यापुढे कुणीतरी लिहिलं होतं, 'वाचनात रस नाही'. मी ते दोनदा वाचलं. हातात पुस्तक घेतल्याशिवाय जिला आयुष्यभर झोप लागली नाही, तिच्याबद्दल हे लिहिलेलं होतं. "आजी आता वाचत नाहीत ताई, पुस्तक नुसतं धरून बसतात," मदतनीस म्हणाली. वय झालं, मन उडालं असेल, अशी समजूत मीही करून घेतली होती. त्या दिवशी सहज तिचा चष्मा पुसायला हातात घेतला. आत्याच्या चष्म्याची डावी काडी मोडली होती आणि ती मी स्वतः चिकटवून दिली होती. या चष्म्याच्या दोन्ही काड्या धड होत्या. चष्मा दुसऱ्याच कुणाचा तरी होता. आंघोळीच्या वेळी काढलेले चष्मे सगळे एकाच ट्रेमध्ये जात, त्यात कधीतरी अदलाबदल झाली होती. कधी, ते कुणालाच सांगता येईना. "तू बोलली का नाहीस?" मी आत्याला विचारलं. "बोलले की. दोनदा सांगितलं. म्हणाले, आता डोळे असेच राहणार, आजी."

तिला कुणी मारलं नव्हतं, उपाशी ठेवलं नव्हतं. खोली स्वच्छ होती, चादर वेळेवर बदलली जात होती. तरीही एका माणसाचं वाचन बंद पडलं होतं आणि ते बंद पडणं तिचा स्वभाव म्हणून कागदावर चढलं होतं. आणि मी? मी एका रविवाराआड चार वाजता जात होते. पलंगाशेजारी उभं राहून पंधरा-वीस मिनिटं मदतनिसाला विचारत होते, औषधं वेळेवर दिली का, जेवल्या का, रात्री झोपल्या का. मग मन हलकं करून निघत होते. आत्या समोर बसलेली असताना 'जेवलीस का' हे मी तिलाच विचारत नव्हते. हे ध्यानात यायलाही मला तो चष्मा लागला.

वृद्धाश्रमाचा विषय निघाला की चर्चा एकाच दाराशी येऊन अडते. आईवडिलांना तिथे ठेवावं की नाही? एक बाजू कृतघ्न मुलांच्या नावाने बोटं मोडते. दुसरी बाजू नोकऱ्या, लहान घरं, परगावी गेलेली भावंडं यांचा हिशोब मांडते. दोन्हींत तथ्य आहे. पण दाराच्या आत गेलेलं माणूस पुढे दोन, चार, कधी दहा वर्षं जगतं, त्या वर्षांबद्दल कुणी बोलत नाही. वृद्धांची खरी हेळसांड या न बोलण्यात आहे, असं माझं मत आहे. तिथे ठेवणं म्हणजे पाप, असं आपण ठरवून टाकलंय, आणि पापाच्या जागेकडे कुणी रोखून पाहत नाही. मुलं शरमेने पाहत नाहीत, शेजारीपाजारी नापसंतीने पाहत नाहीत, आणि कुणी जाब विचारत नाही म्हणून सरकारही पाहत नाही. जिकडे कुणी पाहत नाही त्या खोलीत चष्मे बदलतात आणि कूस बदलायची राहून जाते.

इथे शब्दांचा थोडा घोळ आहे. 'वृद्धाश्रम' म्हटलं की हिंडती-फिरती, निराधार माणसं डोळ्यांसमोर येतात आणि 'नर्सिंग होम' म्हटलं की लहानसं खासगी रुग्णालय. मी बोलते आहे ती जागा या दोन्हींच्या मधली आहे. जिथली माणसं आजारी असतीलच असं नाही, पण ज्यांना उठवावं, बसवावं, न्हाऊ घालावं, भरवावं लागतं. ज्यांच्यापैकी अनेकांना स्मृतिभ्रंश आहे. आणि ज्यांचा मुक्काम बरं होऊन घरी जाण्यासाठी नाही. या जागेला आपण धड नावही दिलेलं नाही.

नाव नाही, पण क्रियापद आहे. 'बाबांना आम्ही तिकडे ठेवलं.' पैसे ठेवतात, दागिने ठेवतात, नको असलेलं सामान माळ्यावर ठेवतात. बाबा तिथे 'राहतात' असं कुणाच्या तोंडून सहज निघत नाही. मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेला, तर तो तिथे राहतो. नात वसतिगृहात गेली, तर तीही तिथे राहते. तिचे आईवडील तिच्या खोलीची चौकशी करतात, सोबतीण कशी आहे विचारतात, जेवण बरं नसेल तर तक्रार करतात. आजोबा मात्र ठेवलेले असतात, आणि ठेवलेल्या वस्तूबद्दल एकच चौकशी पुरते: नीट आहे ना? 'नीट आहेत' असं उत्तर आलं की फोन संपतो.

जागासुद्धा अशीच निवडली जाते. जाहिरातीत 'शांत, निसर्गरम्य परिसर' असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ पुष्कळदा इतकाच, की तिथे बस थांबत नाही. चालायला त्रास होणाऱ्या मैत्रिणीला तिथे भेटायला जाता येत नाही. वयावरून माणसाला कमी लेखण्याच्या वृत्तीला 'एजिझम' हे नाव मिळालं ते 1969 साली, आणि त्याचं निमित्त असंच होतं. वॉशिंग्टनलगतच्या एका सुखवस्तू वस्तीत वृद्धांसाठी सरकारी घरं व्हायची होती आणि तिथल्या रहिवाशांनी त्याला विरोध केला होता. रॉबर्ट बटलर या मानसोपचारतज्ज्ञाने त्या विरोधाला हा शब्द वापरला. वर्णभेदाला नाव आहे, तसं यालाही हवं, असं त्याचं म्हणणं होतं. म्हातारपण आपल्या गल्लीत नको, ही भावना तेव्हापासून फारशी बदललेली दिसत नाही.

आता घराबद्दल. घर म्हणजे प्रेम आणि संस्था म्हणजे उपेक्षा, ही विभागणी मला मान्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, 60 वर्षांवरच्या दर सहा माणसांपैकी एकाला, संस्थेत नव्हे तर समाजात राहत असताना, वर्षभरात कुठल्या ना कुठल्या प्रकारची दुर्वर्तणूक सोसावी लागते. मुलं घरात असतानाही. आणि घरी सांभाळणं म्हणजे नेमकं कोण सांभाळतं? स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांची देखभाल करण्यात जगभर जेवढे तास जातात, त्यांतले सुमारे 70 टक्के तास बायकांचे असतात, हेही त्याच संघटनेचं म्हणणं. 'आम्ही आईला कधी बाहेर ठेवलं नाही' असं अभिमानाने सांगणाऱ्या घरात तीन वर्षं रात्री तीनदा उठणारी एक सून किंवा मुलगी असते आणि तिला त्याबद्दल कुणी विचारलेलं नसतं. तिचं कंबरडं मोडल्यावर, वैतागून एकदा हात उगारला गेल्यावर, आईची रवानगी होते ती दोन दिवसांत, मिळेल त्या जागी, आईला न विचारता. पापाची भीती नसती, तर हाच निर्णय वर्षभर आधी, चार जागा पाहून, आईला सोबत नेऊन झाला असता.

आत काय घडतं याच्या मुळाशी बोलणं आहे, म्हणून आधी त्याबद्दल. ऐंशी वर्षांच्या, एके काळी शाळा चालवलेल्या बाईला कुणी "शहाणं गं माझं बाळ, आ कर बघू" म्हणतं, तेव्हा त्यात मायाच असते हे मला ठाऊक आहे. पण ऐकणाऱ्याला काय ऐकू येतं? अमेरिकेत कॅन्ससमधल्या शुश्रूषागृहांत, म्हणजे अशाच देखभालीच्या जागांत, क्रिस्टीन विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंघोळ, कपडे बदलणं अशा प्रसंगांचं चित्रीकरण करून एकेक वाक्य तपासलं. 2009 साली त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा, की स्मृतिभ्रंश असलेल्या रहिवाशांशी अशा लाडिक बालबोलीत बोललं तर हात झटकणं, तोंड फिरवणं, ओरडणं यांची शक्यता साध्या, मोठ्या माणसाशी बोलावं तशा बोलण्याच्या जवळपास दुप्पट होते. म्हणजे ज्याला सगळं विसरायला झालंय असं आपण समजतो, त्यालाही अपमान कळतो. आणि त्या अपमानावर त्याने हात झटकला की कागदावर चढतं: 'आक्रमक'.

हा 'आक्रमक' शब्द पुढे कुठे नेतो, ते पाहा. अमेरिकेत 1980च्या दशकाच्या उत्तरार्धात शुश्रूषागृहांतल्या सुमारे 40 टक्के रहिवाशांना पट्ट्याने, जाकिटाने किंवा खुर्चीला अडकवून बांधून ठेवलं जात होतं, असा अंदाज होता. पडू नयेत म्हणून, त्यांच्याच भल्यासाठी. 1987 साली तिथे कायदा झाला आणि विनाकारण न बांधलं जाण्याचा हक्क रहिवाशाला मिळाला. पुढच्या दोन दशकांत हे प्रमाण दहा टक्क्यांच्याही खाली आलं. इतकी माणसं मोकळी करता आली, याचा अर्थ त्यांतल्या बहुतेकांना बांधण्याची मुळात गरजच नव्हती. पण पट्टा गेला तिथे पुष्कळदा गोळी आली. मनोविकारावरची, झोपाळू करणारी औषधं स्मृतिभ्रंशाच्या माणसांना 'शांत' ठेवायला वापरली जाऊ लागली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल 2005 मध्ये या औषधांवर सर्वांत कडक इशारा छापायला लावला: स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांना ही औषधं दिल्यास मृत्यूचा धोका 1.6 ते 1.7 पट होतो. भेटायला गेलेल्या लेकाला मात्र इतकंच दिसतं, की बाबा हल्ली शांत असतात. त्याला बरंही वाटतं. माझी प्रत्येक नातेवाईकाला विनंती आहे: माणूस एकाएकी शांत झालं तर समाधान मानू नका, औषधांची यादी मागा.

याचा दोष मदतनिसांच्या माथी मारणं सोपं आहे. संस्थांतल्या दर तीन कर्मचाऱ्यांपैकी दोघांनी गेल्या वर्षभरात आपल्या हातून काही ना काही दुर्वर्तन झाल्याचं स्वतः कबूल केलं, असं जागतिक आरोग्य संघटनेने वेगवेगळ्या अभ्यासांच्या आधारे म्हटलं आहे. हा आकडा वाचून मी हादरले. मग एका रात्रीचा हिशोब करून पाहिला. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी, हा शुश्रूषेतला जुना नियम. कूस बदलायची, ओलं झालं असेल तर डायपर बदलायचा, पाठ पाहायची, दोन घोट पाणी द्यायचं, यात घाई न करता दहा मिनिटं जातात. रात्रपाळीला एक मदतनीस आणि अशी पंधरा माणसं. एका फेरीची झाली 150 मिनिटं. दोन तासांत मिनिटं असतात 120. ती बाई रात्रभर एकदाही बसली नाही, कुणाची बेल वाजली नाही, कुणाला उलटी झाली नाही, तरी तिचं काम पुरं होणार नाही. म्हणजे कुणाची तरी कूस राहणार, हे कामावर येतानाच ठरलेलं आहे. कुणाची, एवढंच काय ते तिने ठरवायचं. आणि जो ओरडत नाही त्याची राहते.

ऑस्ट्रेलियात 2018 साली या सगळ्याच्या चौकशीसाठी शाही आयोग नेमला गेला. ऑक्टोबर 2019 मध्ये त्याचा अंतरिम अहवाल आला, त्याचं शीर्षक एका शब्दाचं होतं: 'उपेक्षा'. अंतिम अहवाल मार्च 2021 मध्ये आला, त्यात 148 शिफारशी होत्या. त्यांतली मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती मिनिटांची. दर रहिवाशामागे दिवसाला सरासरी किती मिनिटं माणसाचा हात लागला पाहिजे, हे तिथे नियमाने ठरलं. ऑक्टोबर 2024 पासून ही किमान मर्यादा 215 मिनिटांची आहे आणि त्यातली 44 मिनिटं नोंदणीकृत परिचारिकेची असावी लागतात. 'सेवाभाव', 'घरासारखं वातावरण', 'मायेची सावली' हे शब्द मोजता येत नाहीत, म्हणून ते कुणालाही छापता येतात. मिनिटं मोजता येतात. आईसाठी जागा पाहायला गेल्यावर बाग, रंग, टीव्ही यांआधी विचारायचा प्रश्न हाच: रात्री इथे किती माणसांमागे किती मदतनीस असतात? उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर तेही उत्तरच समजावं.

नातेवाइकांचं जाणं-येणं म्हणजे निव्वळ भावनिक बाब, असा एक समज होता. 2020 साली तो मोडला. करोनाच्या पहिल्या लाटेत दारं बंद झाली. मार्चमध्ये स्पेनच्या संरक्षणमंत्र्यांनी सांगितलं, की निर्जंतुकीकरणासाठी गेलेल्या सैनिकांना काही ठिकाणी वृद्ध माणसं सोडून दिलेल्या अवस्थेत आणि काही जण पलंगावर मृत आढळले. कॅनडात क्वेबेक प्रांतातल्या डोरव्हाल इथे एका संस्थेतले बहुसंख्य कर्मचारी कामावर यायचे थांबले. काही आठवड्यांत तिथे 31 माणसं गेली. युरोपातले निम्म्यापर्यंत करोनामृत्यू दीर्घकालीन देखभालीच्या संस्थांमधले असावेत, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाच्या संचालकांनी त्या एप्रिलमध्ये सांगितलं. दार बंद झाल्यावर कळलं, की रोज दुपारी येऊन आईला चमच्याने भरवणारी लेक, वडिलांची नखं कापणारा मुलगा, शेजारच्या पलंगावरच्यालाही पाणी देणारी सून, ही माणसं त्या संस्थेच्या पगारपत्रकावर नसली तरी तिच्या कामाचा भाग होती. त्यांच्या येण्यामुळे आणखी एक गोष्ट होत होती: कुणीतरी पाहत होतं.

पाहण्याइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट आहे, ती म्हणजे ठरवणं. 1976 साली एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत कनेटिकटमधल्या एका शुश्रूषागृहात एक साधा प्रयोग केला. एका मजल्यावरच्या रहिवाशांना सांगितलं, की तुमच्या खोलीची मांडणी, तुमचा वेळ, सिनेमा कुठल्या दिवशी पाहायचा हे तुम्ही ठरवा. आणि त्यांना एक रोप दिलं, निवडायचं आणि सांभाळायचंही त्यांनीच. दुसऱ्या मजल्यावर सांगितलं, तुमची काळजी घ्यायला कर्मचारी आहेत. रोप त्यांनाही दिलं, पण पाणी घालणार परिचारिका. दीड वर्षाने पाहिलं तर पहिल्या मजल्यावरचे 15 टक्के रहिवासी गेले होते, दुसऱ्यावरचे 30 टक्के. प्रयोग लहान होता, माणसं शंभरही नव्हती, त्याच्या आकडेमोडीवर पुढे आक्षेपही आले. एका रोपाने आयुष्य वाढतं असं मी म्हणणार नाही. पण दुसऱ्या मजल्यावर जे सांगितलं गेलं ते प्रेमळपणे सांगितलं गेलं होतं, हे मला विसरता येत नाही. 'तुम्ही काही करू नका, आम्ही आहोत ना' हे वाक्य आपण घरातसुद्धा किती मायेने म्हणतो!

नेदरलँड्समध्ये याचा विचार बांधकामापर्यंत गेला. वेस्प गावात 2009 साली स्मृतिभ्रंशाच्या माणसांसाठी होगेवेक नावाची वस्ती उभी राहिली. लांबच लांब मार्गिका नाहीत. सहा-सात जणांची घरं, रस्ते, चौक, दुकान, बाहेर मोकळं हिंडायची मुभा. डेव्हेंटर शहरात एका वृद्धगृहाने विद्यार्थ्यांना भाडं न घेता खोल्या दिल्या, बदल्यात महिन्याला 30 तास त्यांनी 'चांगला शेजारी' म्हणून वागायचं. होगेवेकवर टीकाही झाली, की हे शेवटी एक सजवलेलं कुंपणच आहे, माणसांना खोट्या जगात ठेवलंय. मला ती टीका पुरती पटत नाही. कुंपण तर सगळीकडेच असतं. आतल्या माणसाला सकाळी कधी उठायचं हे ठरवता येतं का, हा प्रश्न त्याहून मोठा आहे. आत्याच्या जागी सगळ्यांना साडेपाचला उठवत, कारण सहाला पाळी बदलायची. साठ वर्षं उशिरा उठणारी आत्या पहाटे अंधारात आंघोळ करून नाश्त्याची वाट पाहत तीन तास बसायची.

यावर येणारा आक्षेप मला माहीत आहे. हे श्रीमंत देशांचे लाड आहेत, आधी घरच्यांनी आपलं कर्तव्य करावं. म्हणूनच तो अवघड प्रश्न इथे मांडते. ज्यांना मुलं नाहीत त्यांचं काय? ज्यांची मुलं आधी गेली त्यांचं? आणि ज्या बापाने मुलांना आयुष्यभर पट्ट्याने फोडून काढलं, त्याच्या पायथ्याशी त्या मुलांनी बसावंच, असा आग्रह धरायचा अधिकार कुणाला आहे? अशी माणसंही म्हातारी होतात, आणि त्यांचीही पाठ चिघळू देता येत नाही. मुलांच्या प्रेमावर सगळी भिस्त ठेवली की ज्याच्या वाट्याला प्रेम आलं नाही त्याच्या वाट्याला देखभालही येत नाही. नेदरलँड्सने 1968 साली, जर्मनीने 1995 साली आणि जपानने एप्रिल 2000 पासून दीर्घकालीन देखभालीसाठी सक्तीचा सामाजिक विमा आणला. जपानमध्ये चाळिशीपासून प्रत्येकाला हप्ता भरावा लागतो. या व्यवस्था निर्दोष नाहीत, खर्च वाढतोय, माणसं कमी पडतायत. पण म्हातारपण हा घराण्याचा खासगी मामला नाही, सगळ्यांवर येणारी गोष्ट आहे, हे त्यांनी एकदा लेखी मान्य केलं. 80 वर्षांवरची माणसं 2050 साली जगात साडेबेचाळीस कोटींच्या घरात असतील, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. त्या सगळ्यांना पुरतील इतक्या सुना कुठून आणणार?

कायद्याने मुलांना भेटायला लावता येतं का? चीनने तेही करून पाहिलं. 1 जुलै 2013 पासून तिथे वेगळ्या राहणाऱ्या मुलांनी आईवडिलांना वरचेवर भेटावं असा कायदा लागू झाला आणि त्याच दिवशी वूशी शहरातल्या न्यायालयाने एका मुलीला, सत्त्याहत्तर वर्षांच्या आईला निदान दोन महिन्यांतून एकदा भेटण्याचा आदेश दिला. न्यायालय पावलं दारापर्यंत आणू शकतं. आत गेल्यावर काय करायचं, हे आपल्यापैकी पुष्कळांना खरोखरच माहीत नसतं, आणि हे मी दोषारोप म्हणून म्हणत नाही. 'कशी आहेस', 'बरी आहे' झालं की बोलणं संपतं. मग फोन बाहेर निघतो. पंधरा मिनिटं मोठी होऊन बसतात.

मला तो चष्मा सापडल्यापासून भेटीत काम असावं, हे शहाणपण आलं. नखं कापणं. श्रवणयंत्राची बॅटरी पाहणं. कवळी तिचीच आहे ना, नीट बसते ना, ते पाहणं. कपाट लावणं, पण तिला विचारून. हाताशी काम असलं की गप्पा आपोआप निघतात आणि गप्पा नसल्या तरी गप्प बसणं जड जात नाही. आणखी एक केलं. एक पानभर मजकूर मोठ्या अक्षरांत लिहून तिच्या पलंगाजवळ लावला: ही कोण होती, काय शिकवायची, तिला कुठल्या नावाने हाक मारलेली आवडते, कशाचा राग येतो, कुठल्या कुशीवर झोप लागते. आत्यानेच सांगितलं, मी लिहून घेतलं. आठवड्याभरात रात्रपाळीची मदतनीस तिला 'आजी'ऐवजी 'बाई' म्हणू लागली. शाळेत तिला सगळे बाईच म्हणायचे. तोवर त्या मदतनिसाचं नाव मात्र मी विचारलेलं नव्हतं. सगळे तिला 'मावशी' म्हणत, मीही म्हणत होते. जिच्या हातात माझ्या माणसाची रात्र होती तिचं नाव मला सात महिन्यांनी कळलं. तिचीही आई गावाकडे एकटी होती.

आणि एक मागणी केली, जी मला आधी सुचायला हवी होती. आत्याच्या वाट्याच्या जागेत पलंग, कपाट आणि स्टूल होतं. स्टुलावर पाण्याचा तांब्या. बसायला खुर्ची नव्हती. येणारा प्रत्येक जण उभा राहायचा किंवा पलंगाच्या कडेला टेकायचा, आणि उभं राहिलेलं माणूस लवकर निघतं. शेजारच्या तिन्ही पलंगांपाशीही खुर्ची नव्हती. कुणी येऊन बसेल हे ती खोली मांडताना कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. व्यवस्थापकांनी सांगितलं, झाडलोटीला अडचण होते. मी घरून घडीची खुर्ची घेऊन गेले आणि ती कपाटामागे राहील, असं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. त्यानंतर माझ्या भेटी तासाच्या होऊ लागल्या. मी नसताना समोरच्या पलंगावरच्या बाई व्हीलचेअर सोडून त्या खुर्चीवर येऊन बसायच्या आणि आत्या त्यांना मोठ्याने वाचून दाखवायची, असं मला नंतर कळलं.

आत्या गेली तेव्हा सामान आणायला मी एकटीच गेले. दोन पिशव्या भरल्या: साड्या, सात-आठ पुस्तकं, चष्मा, भिंतीवरचा तो कागद. समोरच्या बाईंचा मुलगा आला होता, खुर्ची ओढून त्यांच्या पलंगाजवळ बसला होता. मला पाहून तो घाईघाईने उठला, तुमची खुर्ची असेल ना, म्हणाला. मी त्याला बसा म्हटलं आणि पिशव्या घेऊन निघाले.